चव्वेचाळीस नंबर, ऐकलं जी

नांदेपारच्या उघड्या कोळसा खाणीत डंपरच्या केबिनमधून वॉकीटॉकीवर बोललेलं वाक्य, केबिनबाहेर पडलंच तर, साधारण दीड किलोमीटर जायचं. खाण पाच किलोमीटर लांब होती. उरलेल्या साडेतीन किलोमीटरांसाठी प्रकल्प कार्यालयात एक समिती होती.

समितीसमोर वायरलेस मेकॅनिक लोमेश खिरटकर दरवर्षी एकच गोष्ट सांगायचा. केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. आपल्या वॉकीटॉकीची लहर दोन मीटर लांब. पत्र्यातून ती जात नाही, काचेतून अंग चोरून थोडीफार बाहेर पडते आणि तेवढ्यातच दमते. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज मुख्यतः बोलणाऱ्यालाच ऐकू येतो. उपाय साधा होता. अर्ध्या मीटरची काठी, म्हणजे लहरीचा पाव भाग, टपाच्या मधोमध उभी करायची आणि वायर केबिनमध्ये घ्यायची. टपाचा पत्रा आरशासारखं काम करतो, उरलेली अर्धी अँटेना तो फुकटात देतो. काठीखाली चुंबक असलं की भोकही पाडावं लागत नाही. खर्च वाहनामागे नऊशे रुपये.

पहिल्या वर्षी समितीनं लिहिलं की चुंबक चिकटवल्यानं वाहनाच्या मूळ स्वरूपात बदल होतो. दुसऱ्या वर्षी एकशे सेहेचाळीस वाहनांवर एकशे सेहेचाळीस काठ्या हे दृश्य प्रकल्पाच्या प्रतिमेस साजेसं नाही, असं ठरलं. तिसऱ्या वर्षी काहीच लिहिलं नाही, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नऊशे रुपयांच्या वस्तूचं उद्घाटन करता येत नाही.

लोमेशला याचं फार वाईट वाटत नसे. त्याची मुलगी आचल एकसष्ट नंबरचा डंपर चालवायची. शंभर टनांचं ते धूड भरून वर यायचं तेव्हा वर्कशॉपच्या वळणावर पाऊण मिनिटासाठी टप्प्यात असायचं. "एकसष्ट, भरून चालली," एवढं ऐकू यायचं आणि ती टेकाडामागे जायची. पुन्हा चाळीस मिनिटांनी, "एकसष्ट, खाली करून आली." दिवसातून बारा-चौदा वेळा लेकीचा आवाज. बहुतेक बापांना याच्या निम्माही मिळत नाही.

मग लेप आला.

लेप खरोखरच हुशार होता. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात लेपाचा दोष नाही. रंगाच्या पातळ थरात तांब्याची डोळ्यांना न दिसणारी लाखो कडी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीनं मांडलेली. बाहेरची लहर आली की कडी थरथरतात आणि ती लहर आत सोडतात, आतली बाहेर. म्हणजे लहरीला अडवणारा पत्राच अँटेना होतो. शिवाय प्रत्येक सेकंदाचे बारीक बारीक तुकडे पाडलेले. एका तुकड्यात डंपर ऐकतो, पुढच्या तुकड्यात तेच शेजारच्याला सांगतो. एकानं ऐकलं की सगळ्यांनी ऐकलं, मग मध्ये दोनशे मीटर खोल खड्डा असो की टेकाड. कोण कधी बोलणार, त्या पाळ्या कंट्रोल रूममधलं एक यंत्र वाटणार. स्वस्तही होता. डंपर दर तीन वर्षांनी रंगवावे लागतातच, तेव्हा रंगाऐवजी हा फासायचा.

प्रकल्पप्रमुख अवधूत नेरकर यांनी योजनेचं नाव ठेवलं 'सर्वश्रुती'. नारळ फोडला. पहिलं वाक्यही त्यांनीच बोललं आणि ते पाच किलोमीटर गेलं. त्या वाक्यात काय होतं ते आज कुणाला आठवत नाही, पण गेलं मात्र स्वच्छ.

आता नांदेपारची एक जुनी रीत होती. साहेब रेडिओवर बोलले की ऐकणाऱ्या प्रत्येक वाहनानं क्रमांकानं पोच द्यायची. "सात नंबर, ऐकलं जी." "नऊ नंबर, ऐकलं जी." कोण्या एके काळी एका ड्रायव्हरनं 'मी ऐकलंच नाही' म्हणून हात झटकले होते, तेव्हापासूनची ही सोय. टप्प्यात सहा-सात वाहनं असायची, अर्ध्या मिनिटात आटपायचं. सर्वश्रुती आल्यावर एकशे सेहेचाळीस वाहनं ऐकू लागली. एका पोचेला चार सेकंद. हिशोब शाळेतलं पोरही करील, पण समितीत शाळेतलं पोर नव्हतं. पोच संपायला जवळजवळ दहा मिनिटं लागू लागली.

साहेबांना ती दहा मिनिटं फार आवडली. पूर्वी महिन्यातून एकदा बोलणारा माणूस रोज सकाळी सव्वानऊला सुविचार सांगू लागला. सुविचार झाला की साहेब माईक ठेवून प्राणायामाला बसत. एकशे सेहेचाळीस माणसं आपल्याला 'ऐकलं' असं म्हणत असताना श्वास कसा छान लागतो, असं त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं आहे.

पोच चालू असताना मध्येच कुणी बोललं की रांग विस्कटायची. म्हणून ठेकेदाराकडून यंत्रात बदल करून घेतला गेला. पोचांची साखळी सुरू झाली की ज्याची पाळी त्याचंच बटण चालेल. त्याच्या केबिनमध्ये हिरवा दिवा लागेल. बाकी कुणीही बटण दाबलं, अगदी कंट्रोल रूमनंही, तरी नुसतं 'टूं' वाजेल. दहा सेकंदांत पोच आली नाही तर यंत्र गैरहजर लिहून पुढे जाईल. साखळी तोडायची मुभा फक्त साहेबांच्या सेटला.

ड्रायव्हर मंडळी समितीपेक्षा लवकर शिकतात. पंधरा दिवसांत सगळ्यांनी सव्वानऊला आवाज बारीक करायला सुरुवात केली. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, "ऐकलं जी" म्हणायचं, सोडायचं. नांदेपारमध्ये पूर्वी कुणाला काही ऐकू येत नव्हतं. आता सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं आणि कुणीही ऐकत नव्हतं.

एक माणूस ऐकत होता. वर्कशॉपमध्ये लोमेशच्या टेबलावर तपासणीचा सेट दिवसभर चालू असे आणि आता आचल त्यावर आठ तास असे. ती कुणाशी हसते, कुणाला शिवी देते, चढावर इंजिन कितव्या गिअरमध्ये रडतं. तीन आठवडे त्यानं सहन केलं. चौथ्या आठवड्यात बटण दाबून म्हणाला, "आचल, चढ लागाच्या आंधीच दुसरा टाकत जा नं बेटा."

एकशे सेहेचाळीस वाहनांनी ऐकलं. या वेळी कुणी आवाज बारीक केला नव्हता.

"बेटा, दुसरा टाक!" एक्केचाळीस नंबरचा बंडू ताजने लगेच केकाटला. "बेटा, डबा खाल्ला का? बेटा, मफलर बांध!" आठवडाभर आचलला खाणीत दुसरं नाव नव्हतं.

घरी आल्यावर तिनं डबा ओट्यावर आपटला.

"तुमी दिवसभर मायावर कान लावून बसता का बाबा?"

"कान काय लावाचा? ऐकू येते."

"मंग बंद करा."

"तो तपासणीचा सेट हाये. बंद कसा करू?"

"सहा वर्सं झाली मले डंपर चालवून. खाणीतल्या सोळा बायांत मी पयली. अन् तुमी मले सगळ्या खाणीसमोर गिअर शिकवता! आंधी माया आवाज आला का तुमाले बरं वाटे, मले मालूम होतं. वळणावर मुद्दाम बोलो मी. गरज नसे तरी बोलो. आता मले तोंड उघडाचीच लाज वाटते."

मुद्दाम बोलायची, हे लोमेशला ठाऊक नव्हतं. त्यानं दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या सेटचा आवाज शून्यावर नेला आणि स्वतः बटणाला हात लावणार नाही असं कबूल केलं. तीन महिने त्यानं ते पाळलं. त्या तीन महिन्यांत घरातही दोघांत फारसं बोलणं झालं नाही. खाणीत सगळ्यांना एकमेकांपर्यंत पोचवणाऱ्या योजनेनं एवढी एक गोष्ट गाळली होती.

तो बुधवार होता. सव्वानऊला साहेबांचा सुविचार झाला: "जो वेळेला मान देतो, वेळ त्याला मान देते." साखळी सुरू झाली.

नऊ वाजून सतरा मिनिटांनी शेजारच्या कंट्रोल रूममधून शिल्पा वाढई धावत वर्कशॉपच्या दारात आली. साखळीत अठ्ठावीस नंबर पोच देत होता.

"लोमेशभाऊ, उत्तरेची भिंत सरकून राह्यली! भिंतीवर नजर ठेवते ते रडार लाल झालं. पंधरा मिनिटं म्हणते, फार तं फार."

"खाली कोण हाये?"

"अकरा डंपर अन् शॉवेल. एकसष्टही हाये."

भरलेल्या डंपरला तळातून वरच्या रस्त्याला लागायला नऊ-दहा मिनिटं लागतात. साखळी संपायला आठ मिनिटं होती.

"साहेबाले फोन लाव! तोडून टाक म्हना साखळी."

"लावला नं. पीए म्हणते साहेब प्राणायामात हायेत, साडेनऊले फोन करा."

"त्याले सांगितलं का भिंत पडून राह्यली म्हणून?"

"सांगितलं. लेखी पाठवा म्हणते."

ड्रायव्हरांचे मोबाइल नियमाप्रमाणे फाटकावर जमा होते. भोंगा होता, पण नांदेपारमध्ये भोंगा वाजतो तो सुरुंगाच्या वेळी, आणि त्याचा अर्थ आहे तिथेच थांबा. तो वाजवला असता तर अकराही डंपर भिंतीखाली शिस्तीत उभे राहिले असते. जीप घेऊन खाली जायचं तर तळ बारा मिनिटांवर.

"एकतीस नंबर, ऐकलं जी," शिल्पाच्या हातातला सेट म्हणाला.

लोमेशनं वर्कशॉपमध्ये नजर फिरवली. दुरुस्तीच्या पिटवर चव्वेचाळीस नंबर उभा होता, पाण्याचा टँकर, मागची दोन चाकं काढलेली. कालच त्याचा सेट लोमेशनं दुरुस्त केला होता. टँकर हलत नव्हता, पण साखळीला त्याच्याशी काय करायचं? तिच्या यादीत तो चव्वेचाळीस नंबर होता आणि त्रेचाळीसनंतर पृथ्वीवरची एकमेव चालू जागा त्याची होती.

लोमेश शिडी चढून केबिनमध्ये बसला. शिल्पा पायरीवर उभी राहिली.

"पस्तीस नंबर, ऐकलं जी."

"छत्तीस नंबर, ऐकलं जी. साहेबाले नमस्कार."

"आग लागो याच्या नमस्काराले!" शिल्पा म्हणाली.

सदतीस आलाच नाही. यंत्रानं दहा सेकंद अदबीनं वाट पाहिली. अडतीस खोकला. एकोणचाळीस, चाळीस नीट गेले.

"एक्केचाळीस नंबर, ऐकलं जी," बंडू ताजने म्हणाला, आणि बटण सोडलं नाही. "अन् साहेब, आजचा इचार तं काळजाले भिडला. वेळेचा मान! माया पोरीच्या वहीत लिहून देतो मी हा. आपल्यासारका अधिकारी या खाणीले..."

"सोड बे!" लोमेश केबिनमध्ये ओरडला. "सोड नं बटन, मुर्दाडा!"

सर्वश्रुतीनं हे वाक्य कुठेही पोचवलं नाही. ताजने तेवीस सेकंद बोलला. चौकशी अहवालात हा आकडा आहे. 'अधिकाऱ्यांप्रति आदरभाव' या मथळ्याखाली.

बेचाळीस. त्रेचाळीस. हिरवा दिवा लागला.

पाळीची वाट पाहताना लोमेशनं मनात चार वाक्यं तयार केली होती: रडार, भिंत, किती मिनिटं, कोणता रस्ता. दिवा लागला तेव्हा त्याला कळलं की आवाज सगळ्यांनी बारीक केलेला आहे. चार सोडा, चाळीस वाक्यं बोलली तरी खाली कुणी ऐकणार नाही. ऐकलंच तर एकच माणूस ऐकेल, आणि तेही ओळखीचा आवाज म्हणून, रागानं.

"आचल, भिंत पडून राह्यली," तो म्हणाला. "सगळ्याईले घेऊन वर ये."

दिवा विझला.

"पंचेचाळीस नंबर, ऐकलं जी," पंचेचाळीस म्हणाला. त्यानं अर्थातच काहीही ऐकलं नव्हतं.

खाली, एकसष्टच्या केबिनमध्ये, आवाज बारीक होता. पण एकासारख्या एक त्रेचाळीस पोचांच्या गुणगुणीत एक आवाज वेगळा आला, आणि तो तीन महिने खाणीत नसलेला आवाज होता. आचलच्या मनात पहिला विचार आला तो 'पुन्हा?' असा. दुसरा विचार शब्दांचा आला. तिनं वर पाहिलं. उत्तरेच्या भिंतीवरून पिठासारखी बारीक माती ओघळत होती. वारा नव्हता.

तिनं बटण दाबलं. टूं. पुन्हा दाबलं. टूं.

मग तिनं हॉर्नवर तळहात ठेवला आणि उचललाच नाही. हॉर्नला नंबर नसतो. मोकळा डंपर तिनं जागच्या जागी वळवला, दिवे उघडझाप करत बाकी दहांच्या तोंडासमोरून नेला आणि भिंतीकडे हात केला. ड्रायव्हर माणसाला हॉर्न न थांबवणारा वेडा आणि ओघळणारी माती एकत्र दाखवली की समिती लागत नाही. ते निघाले.

शॉवेल, म्हणजे डंपर भरणारं ते अवाढव्य खोदयंत्र, निघणार नव्हतं; ते ताशी दीड किलोमीटर चालतं. त्याच्यावरचा रहीम शेख खाली उतरून धावत सुटला, पण गुडघ्यानं अधू माणूस धावणार किती. आचलनं डंपर त्याच्याजवळ आणून थांबवला आणि दार उघडून ओणवी झाली.

"चाचा, हात द्या! चप्पल राहू द्या!"

तो शिडीवर अर्धा चढला असताना तिच्या मागे हिरवा दिवा लागला. एकसष्ट नंबरची पाळी आली होती. दिवा दहा सेकंद लागून राहिला. त्या दहा सेकंदांत तिनं रहीमला बखोटीला धरून आत ओढलं, आणि यंत्रानं लिहिलं: एकसष्ट, गैरहजर.

भिंत नऊ वाजून एकतीस मिनिटांनी आली. माणूस एकही गेला नाही. शॉवेल तीन मजले मातीखाली गेलं. त्यापूर्वी पाच मिनिटं एकशे सेहेचाळिसाव्या वाहनानं साहेबांना ऐकल्याचं कळवलं होतं.

चौकशी समिती तीच होती. तिनं दोन गंभीर बाबी शोधून काढल्या. एक, दुरुस्तीत असलेल्या चव्वेचाळीस नंबरच्या वाहनातून अनधिकृत इसमानं हजेरी दिली. दोन, एकसष्टच्या चालकानं पाळी येऊनही पोच दिली नाही.

"पोच काऊन दिली नाही?" सदस्यांनी आचलला विचारलं.

"हाती चाचा होते जी."

सदस्यांनी ते लिहून घेतलं: कारण वैयक्तिक.

लोमेशला नेरकर साहेबांनी स्वतः बोलावलं. चहा दिला. पुढे एक कागद ठेवला. चव्वेचाळीस नंबरवरून सूचना द्यावी असं प्रकल्पप्रमुखांनीच आधी सांगून ठेवलं होतं, असा त्याचा आशय होता.

"सही करा. अनधिकृत राहत नाही मग काही. मुलीची गैरहजेरीही आपोआप समजून घेतली जाईल. सर्वश्रुतीनं बारा जीव वाचवले, खिरटकर. अकरा खाणींकडून मागणी आहे."

"साखळीसकट?"

"अर्थात. शिस्त तीच तर आहे."

लोमेश कागद घरी घेऊन गेला. निवृत्तीला दीड वर्ष होतं. आचलचं उभं आयुष्य होतं. त्यानं कागद तिच्यासमोर ठेवला आणि पंखा न लावताच बसून राहिला.

तिनं दोनदा वाचला. "केली सही तं दोघाईच्या नोकऱ्या राह्यतीन."

"हो."

"अन् त्या अकरा खाणीत चव्वेचाळीस नंबर कोन होईन?"

त्यानं कागद तिच्याकडे आणखी सरकवला.

"मले नका विचारू बाबा. मी तुमाले गिअर सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात घडलं ते मिनिटामिनिटानं लिहिलं. प्राणायाम, लेखी पाठवा, तेवीस सेकंद, सगळं. साहेबांचा कागद सही न करता परत केला. साहेबांच्या कागदावर तिसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून बंडू ताजनेनं सही केली. लोमेशला सक्तीनं निवृत्त केलं गेलं. आचलला महिनाभर निलंबन झालं. डंपर चालवणारी माणसं कमी होती, नाहीतर जास्त झालं असतं. साहेबांना पुरस्कार मिळाला. आतापर्यंत सगळं रीतसर होतं.

घोटाळा शॉवेलनं केला. शॉवेलचा विमा होता, आणि विमा कंपनी हा देशातला असा एकमेव वाचक आहे की जो फाइलमधला प्रत्येक कागद वाचतो. तिनं लोमेशचा जबाब वाचला आणि कळवलं: कुठल्याही वाहनातून कुणाचंही बोलणं तोडता येईल अशी व्यवस्था केल्याशिवाय भरपाई मिळणार नाही, बाकी अकरा खाणींचा विमाही उतरवला जाणार नाही. बारा माणसांनी जे पटवून दिलं नव्हतं ते एका यंत्राच्या मढ्यानं आठवड्यात पटवलं. एकशे सेहेचाळीस केबिनमध्ये लाल बटण बसलं. समितीनं प्रत्येक बटणाखाली पाटी लावली: 'वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीनेच दाबावे.'

आचल कामावर परतली तो सोमवार होता. लोमेश अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्याकडे आता कुठलाच सेट नव्हता. दहाच्या सुमारास शिल्पाचा फोन आला. ती इतकी हसत होती की सुरुवातीला काही कळेना.

"साहेबाचा सुविचार सुरू होता भाऊ. 'यशस्वी माणूस तोच, जो...' बस, एवढंच झालं. अन् आवाज बंद! साऱ्या खाणीत सुन्न. मंग तुमची पोरगी बोलली."

"काय बोलली?"

"'एकसष्ट नंबर. बटन चालते का नाही ते पाहून राह्यली.'"

लोमेश खुर्चीत पुढे सरकला. "मंग? चालते का?"

"काय सांगू भाऊ! आतापावतो एकोणतीस गाड्याईनं तपासून पाह्यलं. साहेब अजून 'जो'वरच हायेत."